मावशी वंशावळीत येत नाही

परभणीच्या तहसील कचेरीसमोर एक जुना लिंब आहे. त्याच्या सावलीत उतरते लाकडी डेस्क मांडून मी गेली सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. त्यातली पहिली दोन वर्षे उर्दूत आणि पुढची मराठीत गेली, कारण मधल्या काळात राज्य बदलले. तरीही या जिल्ह्यातल्या कित्येक वकिलांनी आपल्या अशिलांना 'आधी मुन्शीजींकडून कागद करून आणा' असे सांगून माझ्याकडे पाठवले आहे. दरखास्त, कैफियत, ताबेपावती, हक्कसोड, वारसाची वंशावळ, यांपैकी कोणताही कागद असो, माझ्या हातचा मजकूर त्रुटी काढून परत आला असे सहसा घडलेले नाही. हे मी बढाईने सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते समजण्यासाठी एवढे सांगणे भाग आहे. मी कागद बिनचूक केला होता.

या लेखाला मी जे शीर्षक दिले आहे ते माझेच वाक्य आहे. ते मी एका बाईला उद्देशून, हसत हसत, चार माणसांसमक्ष बोललो. त्याला आता बारा वर्षे होत आली.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, त्यानंतर तीनचार वर्षांची ही गोष्ट आहे. ताडकळसच्या बाजूला एका गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर एक तरुण डॉक्टर नेमून आले होते. ते मूळचे विदर्भाकडचे. अंगाने किडकिडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, आणि बोलताना समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याची सवय, जी मी फार कमी शिकलेल्या माणसांत पाहिली आहे. कचेरीची मराठी त्यांना जमत नसे. वर काही लिहून पाठवायचे असले की ते एस.टी.ने परभणीला येत आणि माझ्या डेस्कासमोरच्या बाकड्यावर बसून मजकूर सांगत. मी तो रीतसर भाषेत उतरवीत असे.

एकदा ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक नवरा-बायको होते. नवरा ताडकळसकडे एका शाळेत शिपाई होता. कुटुंब बौद्ध. त्यांच्या मुलाला, जो तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता, हिवताप आला होता. तापाच्या दिवसांत घरोघर फिरणारा आरोग्य कार्यकर्ता बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर पसरतो, दाराशेजारी भिंतीवर रंगवलेल्या चौकोनात तारीख टाकतो आणि पुढे जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काचपट्टीत हिवताप निघाला तर मागाहून पाच दिवसांच्या गोळ्या देतात, म्हणजे ताप पुन्हा उलटत नाही. त्या मुलाला तशाच गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि डोळे हळदीसारखे पिवळे पडले. डॉक्टरांनी गोळ्या बंद करून त्याला परभणीला आणला. तिथे त्याला बाटलीतून रक्त चढवले आणि तो वाचला.

डॉक्टरांनी मला ते प्रकरण समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत देतो. तांबड्या रक्ताला सांभाळणारे एक द्रव्य शरीरात असते. काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असते. एरवी त्या माणसाला काहीही होत नाही. तो शेतात राबतो, कुस्ती खेळतो. पण ही एक गोळी पोटात गेली की त्याचे रक्त आतल्या आत फुटू लागते. हे ओळखण्याची तपासणी आहे, पण ती मोठ्या ठिकाणी होते. मुलगा बरा झाल्यावर तीन महिने थांबून त्यांनी त्याचे रक्त थर्मासमध्ये बर्फात घालून माणसाबरोबर औरंगाबादला पाठवले. तिकडून चिठ्ठी आली. त्यांचा संशय खरा निघाला.

"मुन्शीजी," डॉक्टर म्हणाले, "गोळी देण्याआधी ही तपासणी आपल्या जिल्ह्यात झाली पाहिजे. निदान ज्याच्या घरात असं घडलं आहे त्याची तरी. असा अर्ज लिहा."

मी लिहिला. तीन पाने झाली. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्या आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांची बैठक होती, तिथे तो मांडायचा होता. अर्ज माझ्या अक्षरातला असल्याने वाचताना कुठे अडले तर असावा म्हणून त्यांनी मला बरोबर नेले. मी व्हरांड्यात दाराला लागून स्टुलावर बसलो. आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

एक वयस्कर आवाज म्हणाला, "अहो, तापानं मेलेला आपण तापात लिहितो. गोळीनं मेला तर काविळीत लिहितो. तुम्ही नवे आहात, तुम्हाला दोन्ही दिसतात. चांगलं आहे. पण गोळी थांबवली तर तापात किती लिहावे लागतील याचा विचार केलात का?"

दुसरे कोणी म्हणाले, "तपासणी आधी, गोळी मग. बरं. माझा कार्यकर्ता सायकलवर हिंडतो. त्यानं बर्फ कुठं बांधायचा, कॅरिअरला?"

हशा झाला.

"आणि उद्या तपासणीचा कागद आलाच," तिसरे म्हणाले, "तर तो वाचणार कोण? मला कॉलेजात हा विषय अर्धं पान शिकवला होता. परीक्षेला आला नाही म्हणून पास झालो."

एक बाई डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, "मी एकच करते. ताप घेऊन कोणी आलं की त्याच्या आईला विचारते, तुझ्या माहेरी कुणाला औषधानं काळी लघवी झाली होती का. माझ्याजवळ एवढीच तपासणी आहे."

"म्हणूनच म्याडम, तुमचा दवाखाना दिवे लागले तरी सुटत नाही."

"नाही सुटत. तुमचा सुटतो ना? मग झालं."

आणखी एकाने हळू आवाजात सांगितले की रक्तात दोष आहे असा सरकारी कागद एकदा घरात आला की त्या घरच्या मुलींना स्थळे येणार नाहीत, आणि सध्याच्या दिवसांत तर रक्त हा शब्दसुद्धा जपून उच्चारावा. यावर कोणीही हसले नाही. अर्ज दाखल करून घेतला गेला, म्हणजे फायलीत गेला.

 परतताना एस.टी.त डॉक्टर म्हणाले, "मुन्शीजी, त्यांच्यात खोटं कोणीच बोललं नाही. त्याचंच वाईट वाटतं."

तपासणी मिळणार नाही हे ठरल्यावर त्यांनी दुसरा मार्ग काढला. त्या कुटुंबाच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसांची नावे, गावे लिहून एक कागद करायचा. वर त्यांची सही-शिक्का. 'खालील इसमांस ही गोळी देऊ नये' असा मजकूर. ज्या ज्या गावी ती माणसे राहतात तिथल्या आरोग्य केंद्राला एकेक प्रत पाठवायची. आधी त्यांच्या मनात होते की दाराशेजारच्या त्या चौकोनातच तांबडी खूण करावी. पण शिपायाने हात जोडले.

"साहेब, खून नको. त्या जाळपोळीपासून, दारावर कुनी खून करायलाय म्हनलं की आमच्या बाया अजून घर सोडून पळतेत. आन् रक्त खराब हाय म्हून लिवलं तर गाव म्हनंल, आमी आधीच म्हनत व्हतो."

डॉक्टर म्हणाले, "हे जातीत नसतं हो. घराण्यात असतं. माझ्या घराण्यातही निघेल कदाचित, कोणी पाहिलंय?"

"तुमच्यात निघालं तर बिमारी. आमच्यात निघालं तर जात."

डॉक्टरांनी खुणेचा विचार सोडला.  तेव्हा कागदच करायचे ठरले, आणि तो करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. कधीकधी वाटते, दुसरे दिवस मी आठवून काढतो आणि हा एक दिवस आपणहून येतो.

वारा सुटला होता. नवरा-बायको बाकड्यावर बसले होते. त्यांच्याबरोबर बाईच्या बहिणीचा मुलगा आला होता. त्याची आई देवगाव फाट्याला राहत असे. आधी ती दुसऱ्या गावी होती, पण अठ्ठ्याहत्तरला घर गेल्यावर फाट्यावर आली. हा मुलगा तिथे एका दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसे. वय बावीस-तेवीस, नुकतेच लग्न झालेले. दोरा-बटणे घ्यायला तो परभणीला आला होता आणि मावशी भेटली म्हणून थांबला होता. शिवताना सुई बोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात तसेच राहिले होते.

मी चार कोऱ्या कागदांमध्ये तीन कार्बन घालून थप्पी नीट केली. वाऱ्याने कोपरे उडू लागले. तो पुढे आला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "धरू का मुन्शीजी?"

"धर. पण दाबून धर, हलवू नको."

त्याने डाव्या हाताने वरचा कोपरा धरला आणि उजव्या हाताचे अंगुस्तान घातलेले बोट खालच्या कोपऱ्यावर टेकवले. मी लिहायला घेतले.

वंशावळ कशी करतात हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मूळ पुरुष वर, त्याखाली त्याचे मुलगे, त्याखाली त्यांचे मुलगे. लग्न होऊन गेलेल्या मुली दुसऱ्या घरच्या होतात, त्यांच्या रेघा ओढत नाहीत. कधी सक्त हुकूम असला तर कंसात नाव घालतात, पण त्या नावाखाली रेघ जात नाही. शेकडो जमिनींचे वारस मी असेच लावले आहेत. शिपायाचे आजोबा वर घेतले. त्यांचे चार मुलगे, त्या चौघांची मुले, नातवंडे. हयात अशी एकूण सोळा नावे झाली. अक्षर असे आले होते की शिपाई वाकून पाहतच राहिला.

"मुन्शी सायेब, आमचं खानदान एवढं मोठं हाय हे मला आज समजलं."

"राजाचं असल्यावानी दिसायलंय," त्याचा भाचा कोपरा न सोडता म्हणाला.

डॉक्टरांनी मला बजावले होते की हा दोष आईकडून मुलाकडे येतो, बापाकडून येत नाही, तेव्हा आईची बाजू विशेष पाहा. ते मी विसरलो नव्हतो. म्हणून उजवीकडे वेगळी शाखा काढली. बाईचे वडील वर. त्यांना एकच मुलगा, म्हणजे बाईचा भाऊ. तो फार वर्षांपूर्वी, डासांसाठी फवारणी करणाऱ्या टोळ्या गावात पहिल्यांदा आल्या त्या सुमारास, तापाच्या गोळ्या घेऊन चार दिवसांत गेला होता. काळी कावीळ झाली असे तेव्हा सगळे म्हणाले. त्याचे लग्न झाले नव्हते. मी त्याच्या नावापुढे 'मयत, निर्वंश' असे लिहिले आणि खाली आडवी रेघ मारली. आईची बाजू संपली.

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलली. तोवर ती पदर दातात धरून रेघा पाहत होती.

"मुन्शीजी, माझी बहीन ऱ्हायली."

"कोणती बहीण?"

"ह्याची माय." तिने भाच्याकडे बोट केले. "डागतर म्हनले, मायकडून येतंय. माझी माय तीच तिची माय. मंग तिचं नाव कामून न्हाई?"

मी पेन न थांबवता हसलो आणि म्हणालो, "बाई, मावशी वंशावळीत येत नाही."

"पर डागतर—"

"डॉक्टरसाहेब औषधाचं जाणतात. कागदाचं मी जाणतो. असा वेडावाकडा कागद नेला तर तिथला बाबू त्रुटी काढून परत करील, मग सोळाच्या सोळा नावं अडकून बसतील. त्यापेक्षा चोख असलेलं बरं."

बाईने पदर पुन्हा दातात धरला. शिपाई म्हणाला, "बस ना तू. त्यांचं काम त्यांना करू दे." आणि तो भाचा, ज्याच्या बोटाखाली कागद होता, हसून म्हणाला, "जाऊ दे की मावशी. बरं झालं ना. नाव न्हाई म्हंजे बिमारी न्हाई. सोळा जन पडले, मी सुटलो."

सगळे हसले. मीही हसलो.

त्याने एक प्रत मागितली. "शेवटची फिकी हाय ती द्या. फाट्यावर दावीन, आमच्या मावशीच्या घरचा कागद कसा हाय म्हून." मी चौथी प्रत त्याला दिली. त्याने ती चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

डॉक्टरांना मी उरलेल्या प्रती केंद्रावर नेऊन दिल्या. रांगेत माणसे होती. त्यांनी कागदावरून नजर फिरवली आणि विचारले, "आईकडचे सगळे आले ना?"

मी म्हणालो, "साहेब, सर्व वारस आले आहेत. एक शाखा निर्वंश आहे, तीही दाखवली आहे."

"तुमच्या अक्षरावर भरवसा आहे," असे म्हणून त्यांनी सह्या केल्या. पुढे लागतील तशा आणखी प्रती मी करून दिल्या. देवगाव फाट्याच्या बाजूला एकही गेली नाही, कारण त्या सोळांपैकी तिकडे कोणी राहत नव्हते.

पुढल्या पावसाळ्यानंतर तिकडे हिवतापाची साथ आली. पुढचे मी पाहिलेले नाही. बाईच्या तोंडून ऐकले आहे, आणि इतक्या वेळा मनात घोळवले आहे की पाहिल्यासारखे झाले आहे.

शिंपीकाम करणाऱ्या त्या मुलाला ताप आला. काचपट्टी घेतली गेली. काही दिवसांनी कार्यकर्ता गोळ्या घेऊन आला. मुलाची आई दारात आडवी झाली. म्हणाली, माझ्या भावाचं असंच झालं, बहिणीच्या पोराचं असंच झालं, ह्याला गोळी नको. कार्यकर्ता भला माणूस होता. त्याने गोळी परत पुडीत ठेवली आणि विचारले, काही कागद आहे का? तेव्हा त्या मुलाने मशीनच्या ड्रॉवरमधून माझ्या हातची ती फिकी प्रत काढली.

"हे बगा, डागतरची सही हाय. ह्यात ज्याचं नाव हाय त्याला गोळी नको. माझं न्हाई. मावशीच्या घरचं रक्त अल्लग, आमचं अल्लग. परभणीच्या मुन्शीजींनी सोता सांगितलंय."

कार्यकर्त्याने सोळाही नावे वाचली. पुन्हा एकदा वाचली. आईलाही वाचून दाखवली. मग गोळी दिली. ती घेताना मुलगा आईला म्हणाला, "तू ज्यादा शिकलीस का त्यांच्याहून?"

तो नेमाचा मुलगा होता. रोजची गोळी चुकू दिली नाही. लघवीचा रंग बदलला तेव्हा त्याला वाटले, तापाची उष्णता असेल. त्याने आईला सांगितले नाही, ती उगीच घाबरेल म्हणून. चौथ्या दिवशी मशीनवरून उठताना पडला. सेलूला नेला, तिथून परभणीला आणताना वाटेत गेला.

ही सगळी हकीकत मला कळली तेव्हा मी एका हक्कसोडीचा मसुदा लिहीत होतो. बाई समोर येऊन उभी राहिली. एकटीच होती. उभ्यानेच तिने सगळे सांगितले. मला वाटले, आता शिव्या देईल. माझी तयारी होती. मनाशी उत्तरेही जुळवली होती. नियम असा आहे, रिवाज असा आहे, मी काही घरचे कायदे केलेले नाहीत.  तिने कमरेची पिशवी सोडली आणि घडी घातलेला तो फिका कागद डेस्कावर ठेवला.

"मुन्शीजी," ती म्हणाली, "ह्या बहिनीला एक लेक बी हाय. चुडाव्याला दिलीय. तिला दोन पोरं हायेत. माझी लेक हाय, तिला एक हाय. आता तरी घाला."

मी कागद उलगडला. खालच्या कोपऱ्यात बारीक निळ्या ठिपक्यांचा एक गोल होता. प्रथम मला कळले नाही. मग कळले. त्या दिवशी त्याने कोपरा दाबून धरला होता, आणि अंगुस्तानावरचे खळगे कार्बनमधून खाली उतरले होते. अंगठा उठवावा तसे. माझ्या सोळा नावांच्या कागदावर सतरावा माणूस पहिल्यापासून होता. मला तो डाग वाटला असता तर मी प्रत टाकून दिली असती. मी तेव्हा पाहिलेच नव्हते.

केंद्रावरच्या प्रतींवरही तो ठिपक्यांचा गोल असणार, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आले.

मी नवीन कागद घेतला. कार्बन घातले. वर कोणाचे नाव लिहायचे ते सुचेना. इतक्या वर्षांत वरचे नाव सुचले नाही असे कधी झाले नव्हते.

"तुझ्या आईचं नाव सांग," मी म्हणालो. तिने सांगितले.

"तिच्या आईचं?"

तिने पुष्कळ आठवून पाहिले. ओठ हलले. "आजीच म्हनायचो. नाव न्हाई म्हाईत. कुनी घेतच न्हाई ना."

मी वरची जागा कोरी ठेवली, तिथून रेघ खाली ओढली आणि तिच्या आईचे नाव लिहिले. त्याखाली तिघे. मयत भाऊ, ती, आणि तिची बहीण. प्रत्येकीखाली रेघ. त्या शिंप्याचे नाव लिहिले आणि त्यापुढे 'मयत' लिहायला घेतले. वारा होता. कोपरा उडाला. बाईने न सांगता त्यावर बोट ठेवले, खालच्या कोपऱ्यावर, नेमके तिथेच.  मी तसाच लिहीत राहिलो.

कागद घेऊन आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. या वेळी त्यांनी रांग थांबवली. खुर्ची ओढून बाईच्या समोर बसले आणि एकेक नाव मोठ्याने वाचत तिलाच विचारत गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी पहिल्या वेळी तुम्हालाच विचारायला हवं होतं. ती बाई डॉक्टर विचारते तसं." हे ते मला म्हणत नव्हते. बाई म्हणाली, "तुमी सांगितलं व्हतं साहेब, मायकडून. मी ऐकलं व्हतं." तीही माझ्याकडे पाहत नव्हती. दोघांपैकी एकाने जरी पाहिले असते तरी बरे झाले असते.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. तपासणी जिल्ह्यात आजही नाही.

यंदा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. गावोगाव पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि आमच्या लिंबाखालीसुद्धा लोक आवाज खाली करून बोलत होते. त्यानंतर थोड्या दिवसांनी एक उंच पोरगा डेस्कासमोर आला. वीस एक वर्षांचा. म्हणाला, चुडाव्याहून आलो. त्याच्या खिशातून त्याने घड्या फाटत आलेला एक कागद काढला. माझे अक्षर मी ओळखले.

"मुन्शीजी, हा फाटायलाय. नवा करून द्या. मागल्या साली ताप आलता तर हा दावला म्हून गोळी दिली न्हाई. आजी म्हनली, त्यांच्याकडूनच करून आन. दुसऱ्याकडं जाऊ नको."

"कोणती आजी?"

"मायची मावशी." त्याने कागदावर बोट ठेवले. "ही."

मी विचारले, "तुझं नाव यात आहे का?"

"हाय ना."

"वाचून दाखव."

तो चमकला, पण त्याने वाचले. मी पुन्हा वाचायला लावले. त्याच्या वरचे नाव, म्हणजे आईचे. त्याच्याही वरचे, आजीचे. शेजारी मामाचे, पुढे 'मयत'. मग सगळ्यात वरची कोरी जागा आली तेव्हा त्याने विचारले, "इथं कोन?" मी म्हणालो, "नाव माहीत नाही. पण ती आहे."

मी कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घातले. उन्हाळ्याचा वारा होता. कोपरा उडाला आणि तो पोरगा खाली वाकला.

"धरू का?"

"नको," मी म्हणालो. "हात काढ."

तो दुसरा कागद केल्यापासून डेस्काच्या खणात मी नदीतले चार चपटे काळे दगड ठेवतो. ते काढून मी चारी कोपऱ्यांवर मांडले आणि वरची जागा कोरी सोडून लिहायला घेतले.